दगड नाय, जितो आसा!

मुलांनो, आधी एक प्रयोग करू. बादलीभर पाणी घ्या आणि काचेचा एक पेला. पेल्याच्या तळाशी रुमाल घट्ट कोंबून बसवा. आता पेला उलटा करा आणि तसाच सरळ पाण्यात दाबा. तिरका करायचा नाही हं, नाहीतर गडबड होईल! दहा आकडे मोजा आणि सरळ वर काढा. रुमाल हाताला कसा लागतो? कोरडा ठणठणीत! पेल्यात आधीपासून हवा बसलेली असते, ती पाण्याला आत येऊ देत नाही.

आमच्या वर्गात हा प्रयोग झाला तेव्हा पाचवीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, मग मोठ्ठा पेला डोक्यावर घेऊन समुद्रात उतरलं तर तळाशी बसून श्वास घेता येईल?" मी म्हटलं, येईल की! फार पूर्वी माणसं मोठ्या घंटेच्या आकाराचं भांडं पाण्यात सोडून, त्यातल्या हवेवर श्वास घेत तळाशी कामं करायची. लगेच दुसरा प्रश्न आला. "तुम्ही गेलाय का हो बाई समुद्राच्या तळाशी?"

आता काय सांगणार? मी देशावरची. आमच्या गावाला समुद्र नाही, नदी आहे, तीही मार्च महिन्यात आटते. पोहायला मी शिकले विहिरीत, कमरेला सुका भोपळा बांधून. पण तो प्रश्न डोक्यात राहिला, आणि गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी कोल्हापूरहून एस.टी.त बसले, फोंडा घाट उतरले, कणकवली मागे टाकली आणि मालवणला पोचले.

मालवण म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा काय येतं? सिंधुदुर्ग किल्ला! शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे नावाच्या बेटावर तो बांधायला घेतला. किनाऱ्यावरून बघितलं तर वाटतं, पाण्यातूनच तटबंदी वर आली आहे. तुमच्यापैकी बरेचजण सहलीला जाऊन तो बघून आले असतील. पण किल्ल्याच्या पायाशी, पाण्याखाली, एक आणखी वस्ती आहे. ती बघायची तर होडीतून उतरून खाली जावं लागतं.

त्याला म्हणतात स्कूबा डायव्हिंग. पाठीवर हवेचं सिलिंडर, तोंडात त्या हवेची नळी, डोळ्यांवर आणि नाकावर काचेचा मास्क, पायांत बदकासारखे लांबट पंखे. पुष्कळांना वाटतं, सिलिंडरमध्ये नुसता ऑक्सिजन असतो. मलाही तसंच वाटायचं. पण त्यात असते आपली नेहमीचीच हवा, दाबून दाबून भरलेली. बारा लिटरच्या सिलिंडरमध्ये सुमारे दोन हजार चारशे लिटर हवा मावते. एवढ्या दाबाची हवा एकदम तोंडात आली तर काय होईल? म्हणून मध्ये एक यंत्र असतं, रेग्युलेटर. आपण श्वास ओढला की ते हवी तेवढीच हवा देतं. फ्रान्सच्या नौदलातले अधिकारी जाक कूस्तो आणि इंजिनिअर एमिल गान्यां या दोघांनी १९४३ मध्ये असं यंत्र तयार केलं आणि माणूस माशासारखा मोकळा फिरायला लागला. त्याआधी पाणबुड्याला वरून लांबलचक नळीने हवा पुरवावी लागे.

होडी धक्क्यावरून निघाली आणि किल्ल्याला वळसा घालून मागच्या बाजूला जाऊन थांबली. आम्हाला शिकवणारा दादा तिथलाच, मच्छीमाराचा मुलगा. लहानपणी तो रापण ओढायला जायचा. रापण म्हणजे खूप लांबलचक जाळं. होडीतून ते समुद्रात गोल टाकतात आणि किनाऱ्यावरून दोन्ही टोकांना माणसं लागून ओढून घेतात. आता तो पाहुण्यांना पाण्याखाली नेतो.

त्याने आधी खुणा शिकवल्या, कारण पाण्याखाली बोलता येत नाही. अंगठा आणि तर्जनी जोडून गोल केला की 'सगळं ठीक'. हाताचा पंजा डावी-उजवीकडे हलवला की 'काहीतरी गडबड आहे'. अंगठा वर केला की 'वर चला'. ही तिसरी खूण नीट लक्षात ठेवा, तिची गंमत पुढे सांगते.

मग त्याने माझ्या कमरेला शिशाचे तुकडे ओवलेला पट्टा बांधला. मला हसूच आलं. विहिरीत बुडू नये म्हणून भोपळा, आणि इथे बुडावं म्हणून शिसं! दादा म्हणाला, "बाई, किल्ल्याच्या पायातसुद्धा शिसाच ओतलला आसा." सिंधुदुर्गाच्या पायाचे चिरे शिशाचा रस ओतून बसवले, असं तिकडे सगळेच सांगतात.

शेवटचा नियम त्याने तीनदा म्हणून घेतला. श्वास कधीही रोखायचा नाही. का माहीत आहे? समुद्रात दर दहा मीटर खाली गेलं की आपल्या डोक्यावरच्या हवेइतका आणखी एक दाब वाढतो. समजा, दहा मीटरवर तुम्ही एक फुगा भरलात, गाठ मारलीत आणि वर सोडलात. वर येईपर्यंत तो दुप्पट फुगेल. आता फुग्याच्या जागी आपली फुप्फुसं आहेत असं समजा. श्वास कोंडून वर आलो तर आतली हवा फुगणार, आणि फुप्फुसाला इजा होणार. म्हणून श्वास चालू ठेवायचा आणि वर यायचं तेही अगदी सावकाश, आपल्याच बुडबुड्यांना पुढे जाऊ देत.

आणि मी पाण्यात गेले.

पहिली दोन मिनिटं काही दिसलं नाही. म्हणजे डोळे उघडे होते, पण सगळं लक्ष श्वासाकडे. कान दुखायला लागले. दादाने नाक चिमटीत धरून हळूच फुंकर मारायची खूण केली. कानात टक् असा आवाज झाला आणि दुखायचं थांबलं. मग माझ्या मनगटाकडे लक्ष गेलं. कुणकेश्वराच्या देवळात बांधलेला लाल दोरा चक्क काळपट दिसत होता! पाणी आधी लाल रंग गिळून टाकतं, मग नारिंगी, पिवळा. निळा सगळ्यांत खोल पोचतो. म्हणून वीस-पंचवीस फुटांवर सगळं जग निळं-हिरवं.

त्या निळ्यात एकदम पट्टेवाले मासे आले. तळहाताएवढे, पाठीवर पिवळसर झाक, अंगावर पाच काळे उभे पट्टे. त्यांना सार्जंट मेजर म्हणतात, हवालदाराच्या पट्ट्यांवरून! मागोमाग फुलपाखरू मासा आला, चपटा आणि पिवळाधमक. त्याच्या डोळ्यावरून एक काळी पट्टी जाते, त्यामुळे खरा डोळा दिसतच नाही. काही जातींत तर शेपटीजवळ खोटा डोळा असतो. शत्रू तिकडे झेप घेतो आणि हा भलतीकडेच पळून जातो. खडकाच्या फटीत काळा समुद्रसाळू बसला होता, दाभणासारखे लांब काटे पसरून. मी आनंदाने दादाकडे बघून अंगठा वर केला, म्हणजे 'झकास!' दादाने माझा दंड धरला आणि मला सरळ वर घेऊन आला. "काय झाला बाई? घाबारलात?" त्या अंगठ्याचा अर्थ 'वर चला', हे मी पाच मिनिटांत विसरले होते. वर्गात मी तुम्हाला 'लक्ष कुठे आहे?' म्हणून ओरडते. त्या दिवशी माझा नंबर लागला.

पुन्हा खाली गेले. या वेळी मी थोडी धीट झाले होते, आणि तिथेच माझी खरी चूक झाली. पाय हलवून हलवून दमले होते. समोर एक मोठा, गोल, तपकिरी दगड दिसला, आजीकडे लग्नकार्यात पीठ मळायला काढतात त्या मोठ्या परातीएवढा. मी त्यावर दोन्ही पाय टेकले आणि उभी राहिले. दादाने मला मागून झटकन उचललं. त्याचे डोळे मास्कमधूनही रागावलेले दिसत होते. होडीत आल्यावर मास्क काढून तो पहिलं वाक्य बोलला ते हे, "बाई, तो दगड नाय. जितो आसा तो!"

मी ज्याच्यावर उभी होते ते प्रवाळ होतं. आपण ज्याला पोवळं म्हणतो ना, त्याच्याच नात्यातलं.

प्रवाळ म्हणजे वनस्पती नाही आणि दगडही नाही. ती आहे चिमुकल्या प्राण्यांची चाळ. एकेक प्राणी म्हणजे बारीकशी पिशवी आणि तिच्या तोंडाभोवती इवल्याइवल्या बोटांची झालर. समुद्राच्या पाण्यातला चुना घेऊन हा प्राणी स्वतःभोवती घर बांधतो. एकाशेजारी एक अशी हजारो घरं झाली की आपल्याला दिसतो तो 'दगड'. जिवंत भाग असतो फक्त वरचा पातळ थर, आणि मी नेमकी त्यावरच उभी राहिले होते. एका पायाने कितीजणांची घरं चिरडली, ते माझं मलाच माहीत नाही.

त्या चाळीत भाडेकरूही आहेत बरं का! प्रवाळाच्या शरीरात एकपेशीय शैवाल राहतं. ते उन्हात अन्न तयार करतं आणि त्यातलं पुष्कळसं घरमालकाला देतं. बदल्यात त्याला राहायला जागा मिळते. प्रवाळाचे रंगही बरेचसे या भाडेकरूचेच. पण समुद्राचं पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की हे जमत नाही. प्रवाळ शैवालाला बाहेर काढतं आणि पांढरं फटफटीत पडतं. ते लगेच मरत नाही, पण उपाशी पडतं. पाणी वेळेवर गार झालं तर सावरतं, नाहीतर मरतं. २०२३-२४ मध्ये जगभरच्या समुद्रांत असं झालं. आपल्या लक्षद्वीपलाही २०२४ च्या उन्हाळ्यात त्याचा मोठा फटका बसला.

एका अंशाने काय होतं, असं वाटतं ना? आपला ताप ९८ वरून १०० वर गेला की आई शाळेत पाठवत नाही, ते आठवा.

मालवणच्या प्रवाळापुढे आणखी एक अडचण आहे. दक्षिणेला कर्ली नदी, उत्तरेला कोळंबची खाडी. पावसाळ्यात दोघीही गढूळ पाणी आणून ओततात, आणि प्रवाळाला लागतं स्वच्छ पाणी आणि ऊन. तरीही ते इथे टिकून आहे, म्हणजे मोठं चिवटच म्हणायचं. सरकारने १९८७ साली सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातला सुमारे २९ चौरस किलोमीटरचा भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केला. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाच्याच यादीत जागा आहे. वाघाच्या पाठीवर उभं राहायची कुणाची छाती होईल का?

पण गोष्ट इतकी सरळही नाही. अभयारण्य झालं म्हणजे आपल्या मासेमारीवर बंधनं येणार, आपण खायचं काय, या काळजीने तिथल्या मच्छीमारांनी त्याला विरोध केला. त्यांचंही म्हणणं खोटं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांचं घर या पाण्यावर चाललं, त्यांना विचारल्याशिवाय पाणी कसं राखणार? मी दादाला विचारलं, तुला काय वाटतं? तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, त्याच्या वडलांना जाळ्यात जे मासे मिळायचे, त्यातले कितीतरी पिल्लं असताना इथल्याच फटींमध्ये लपलेले असायचे. "फट रवली तर पिल्ला रवतली," एवढंच बोलला. रवणे म्हणजे राहणे. आता त्याच्यासारख्या पुष्कळ मुलांना पाहुण्यांना पाण्याखाली नेऊन चार पैसे मिळतात. म्हणजे प्रवाळ गेलं तर मासाही जाणार आणि पाहुणाही.

आणि पाहुणे कसे, तर माझ्यासारखे! शेजारच्या होडीतला एकजण पाण्यात पावाचे तुकडे टाकत होता. पट्टेवाल्या माशांची झुंबड उडाली, पाहुण्यांचे फोटो छान आले. खरं सांगायचं तर माझ्याही पिशवीत बिस्किटाचा पुडा होता, माशांसाठीच घेतलेला. दादाने तो घेतला आणि होडीतल्या सगळ्यांना एकेक बिस्कीट वाटून टाकलं. माशांना पाव पचायला घातलेलाच नाही. शिवाय खडकावरचं शेवाळ खाणारे मासे पावाच्या मागे लागले, तर शेवाळ कोण खाणार? ते वाढत वाढत प्रवाळाला झाकून टाकतं. होडीचा नांगरही असाच. तो प्रवाळावर पडला की एका क्षणात तुकडे. आमच्या दादाने होडी तरंगत्या पिंपाला बांधली होती, नांगर टाकलाच नव्हता. सगळे तसं करत असतील तर बरं.

तुमच्यापैकी कुणाला जायची इच्छा झाली असेल तर आई-बाबांना हा परिच्छेद वाचायला द्या. मुलाचं वय निदान दहा वर्षं पूर्ण हवं. सर्दी, कानाचं दुखणं, दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं, आणि हे नेणाऱ्याकडे लपवू नये. नेणारा प्रशिक्षित आहे ना, एका पाहुण्याबरोबर एक माणूस पाण्यात राहणार ना, हे विचारायला लाजू नये. घाईघाईत, खुणा न शिकवता कुणी पाण्यात उतरवत असेल तर सरळ परत फिरावं. डायव्हिंगनंतर त्याच दिवशी विमानाने प्रवास करू नये. पावसाळ्यात हे सगळं बंद असतं. दिवाळीनंतरचे थंडीचे महिने चांगले. आणि नीट शिकायचंच असेल तर जवळच तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं स्कूबा शिकवणारं केंद्र आहे. तिथे आधी तलावात धडे देतात.

ज्यांना पाण्यात जायचं नाही त्यांनी नाराज होऊ नका. तारकर्ली-देवबागकडे सकाळी होडीतून डॉल्फिन दिसतात. थंडीत कोकणाच्या काही किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालायला येतात. आणि विजयदुर्गापासून पश्चिमेला शंभर किलोमीटरहून लांब, भर समुद्रात, पाण्याखाली बुडालेलं एक भलंमोठं पठार आहे. त्यावरही प्रवाळ आहे. त्याचं नाव आंग्रिया बँक, आपल्या कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून. तिथे जायचं माझं धाडस नाही, तुम्ही मोठे झालात की जा आणि मला पत्र लिहा.

सुट्टी संपली, शाळा भरली. मी वर्गात फळ्यावर प्रवाळाचं चित्र काढलं आणि गणित घातलं. असं गोल, भरीव प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतं, सगळ्या बाजूंनी. आपल्या शाळेतल्या फुटबॉलएवढं प्रवाळ किती वर्षांचं? मुलांनी फुटबॉलला दोरा गुंडाळला, भागाकार केला, व्यास काढला, निम्मा केला. अकरा सेंटीमीटर. म्हणजे अकरा वर्षं! "आपल्याएवढंच!" सगळे एकदम ओरडले. तुमच्याही घरी चेंडू असेल. मोजून बघा, तुमच्या वयाचं प्रवाळ केवढं असेल.

मग शेवटच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, तुम्ही ज्याच्यावर उभ्या राहिलात ते केवढं होतं?"

मी दोन्ही हात पसरून परातीचा आकार दाखवला. एकाने पट्टी आणली आणि माझ्या दोन हातांमधलं अंतर मोजलं. ऐंशी सेंटीमीटर. निम्मे चाळीस. वर्गात कुजबुज झाली. माझं वय त्यांना माहीत आहे, वाढदिवसाला त्यांनीच फळ्यावर लिहिलं होतं, छत्तीस.

"म्हणजे ते तुमच्यापेक्षा मोठं होतं?"

"हो," मी म्हटलं.

पहिल्या बाकावरची ती प्रयोगवाली मुलगी थोडा वेळ विचार करत होती. मग तिने विचारलं, "मोठ्या माणसाला पाय लागला तर आपण नमस्कार करतो. तुम्ही केलात का?"